कोपराचं पेडल

प्रिय दादा,

वहिनी रोज दवाखान्यात डबा घेऊन येते आणि तू कामात आहेस असं सांगते. तिला खोटं बोलता येत नाही, हे तुला-मला चांगलं ठाऊक आहे. माझं म्हणशील तर ताप उतरत नाही, जेवण जात नाही, आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी मला वेल्डर मानायलाच तयार नाहीत.

पडल्या पडल्या ते जुने दिवस आठवतात. वेल्डिंग करताना मचाणावरून कोसळले, कमरेखालचं सगळं लुळं पडलं, आणि मी भिंतीकडे तोंड करून असायचे. येईल तो धीर देऊन जायचा. तू आलास तो टेप घेऊन. शिंप्यासारखी चाकाच्या खुर्चीसकट माझी मापं घेतलीस. टेबलाचे पाय कापून ते माझ्या मांडीवर येईल एवढं ठेंगणं केलंस. आर्गन वेल्डिंगचा करंट पायाने कमीजास्त करायचा असतो, तर तू ते पेडलच उचलून माझ्या डाव्या कोपराखाली बसवलंस. कोपराला पायाची अक्कल यायला वेळ लागला. किती पत्रे भोकं पाडून वाया घालवले मी! पहिला सांधा सरळ आला तेव्हा तू डोळ्यांवरची काच वर न करताच पाठ फिरवलीस. रडत होतास, मला कळलं होतं.

उभ्याने काम करायचे तेव्हा बुटात काही तापलेलं पडलं की मी थयथया नाचायचे, आणि तू पोट धरून हसायचास. या वेळी तारेचं लालबुंद टोक बुटात गेलं आणि मी नाचले नाही. जळका वास आला, पण आपल्या वर्कशॉपात तो कधी नसतो? तू शेजारच्याच टेबलावर होतास. मी संध्याकाळपर्यंत गुणगुणत काम करत राहिले. पुढे मोजा काढताना वहिनी किंचाळली तेव्हा कुठे कळलं, आणि तोवर जखम हाडापर्यंत गेली होती. उद्या सकाळी पाय मांडीपासून काढणार आहेत. मला भीती वाटते, दादा. ज्या पायाला काही कळत नाही त्याच्यासाठी इतकं रडू येईल असं वाटलं नव्हतं.

आज वहिनीच्या तोंडून खरं बाहेर पडलं. तू वर्कशॉपला कुलूप लावलंस आणि माझं टेबल भंगारवाल्याला द्यायला निघालास. म्हणून हे लिहायला घेतलं. ते टेबल देऊ नकोस. मांडीपासून पावलांपर्यंत चामड्याचं झाकण हवं होतं, ते तुला सुचलं नाही आणि मलाही नाही. आता शिवून घेऊ. इथली व्यायाम शिकवणारी बाई म्हणते, पाय गेला की बसताना माझा तोल एका बाजूला जाईल. मग कोपर पेडलवर नीट टेकणार नाही, सगळं पुन्हा मोजावं लागेल. उद्या शुद्धीवर आले की मी आधी दाराकडे बघणार आहे. येताना टेप आण.

तुझीच,
बारकी