मुकादमाचा ट्रे

३ मार्च

घर मिळालं! पहिला मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागे लांबट बाल्कनी. साबणाच्या कारखान्यापासून चालत बारा मिनिटं. सकाळी सात ते एक ड्यूटी, म्हणजे दुपारचं जेवण घरी. आणखी काय हवं माणसाला?

मालकीणबाई खालीच राहतात. मांजर चालेल का, असं जरा भीतभीतच विचारलं. त्या म्हणाल्या, चालेल, फक्त वास यायला नको. मी म्हटलं, वास ओळखणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, निर्धास्त राहा. त्या हसल्या, मीही हसले.

मुकादम म्हणजे ताईचा बोका. हे नाव तिनंच ठेवलं, कारण कुणी कामाला लागलं की हा समोर ठाण मांडून बसणार आणि चुका काढल्यासारखं बघणार. ताईला जाऊन सात महिने झाले. तिचं म्हणावं असं माझ्याकडे एवढंच उरलं आहे, करडं, जाडजूड आणि आगाऊ. आजही मी खोकी उघडत होते आणि साहेब गादीवर बसून देखरेख करत होते.

त्याचा जुना शी-शूचा ट्रे तडकला होता म्हणून टाकून आले होते. तर इथं बाल्कनीतल्या कपाटात आयताच एक सापडला! चांगला ऐसपैस, जाड प्लास्टिकचा, सोबत वाळूची अर्धी पिशवी. आधीच्या भाडेकरूचा असणार. घासूनपुसून वाळू भरली. मुकादमानं हुंगलं आणि दोन पावलं मागे सरकला. म्हटलं, नखरे पुरे, मोठं घर मिळालंय तर मोठा संडासही वापरा.

५ मार्च

कामाचा तिसरा दिवस. आमच्या खात्यात चार नाकं आहेत, त्यांतलं चौथं माझं. साबणाच्या प्रत्येक घाण्याचा नमुना येतो, तो हुंगायचा आणि वास किती उग्र त्याप्रमाणे शून्य ते दहा आकडा द्यायचा. खात्याचे प्रमुख पंचवीस वर्षं हेच करतात. मागून सगळे त्यांना नाकेश्वर म्हणतात. त्यांना ते माहीत आहे आणि आवडतं, असा माझा संशय आहे.

त्यांनी तीन गोष्टी घोकून घेतल्या. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाक थकलं की स्वतःच्या कोपराच्या खळीत नाक खुपसून श्वास घ्यायचा, कारण आपल्याला आपला वास येत नाही, तोच आपला शून्य. आणि बिघडलेल्या घाण्याचा मूळ नमुना दोष सापडेपर्यंत कधीही फेकायचा नाही. तीन महिने माझ्याकडे बघणार आणि मग कायम करणार म्हणे.

९ मार्च

घरात वास येतोय.

मांजराच्या मुताचा झोंबणारा वास मला पाठ आहे. तो आहेच, पण त्याच्याखाली आणखी एक आहे. ओलसर, कोमट, खूप दिवस न उघडलेल्या तोंडासारखा. आकडा द्यायचा तर आठ. जिन्यात जाऊन कोपर हुंगून परत आत आले, तरी आठच.

ट्रेमध्ये मुतानं घट्ट झालेल्या वाळूचे सात गोळे निघाले. एका बोक्याचे दिवसाला तीन, फार तर चार व्हावेत. मुकादमाला विचारलं, बाबा रे, पाणी पितोस की टाकी रिकामी करतोस? तो तोंड फिरवून बसला.

१२ मार्च

आज मालकीणबाई वर आल्या. आवाज चढवला नाही, उलट फार गोड बोलल्या, त्यामुळेच जास्त लागलं. म्हणाल्या, महिनाअखेरपर्यंत वास गेला नाही तर मांजराची दुसरीकडे सोय करा. तुम्ही खुशाल राहा, तुमची काही अडचण नाही.

माझी काही अडचण नाही! ताईचा बोका मी कुणाच्या दारात सोडू?

बरं, मी हातावर हात धरून बसले होते का? मासळीचं खाणं बंद केलं, आकडा आठ. वाळू बदलली, आठ. तीन बोटं जाडीचा थर दिला, आठ. दिवसातून दोनदा चाळते, खायचा सोडा टाकते, ट्रे खिडकीपाशी सरकवला, आठ, आठ, आठ. एका वेळी एकच गोष्ट बदलत, अगदी नियमानं. नाकी नऊ आले आहेत आणि तो लबाड कपाटावर बसून माझं काम तपासतोय.

१५ मार्च

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्या म्हणाल्या, नसबंदी झालेल्या बोक्याचा इतका उग्र वास यायला नको. लघवीच्या जागी जंतू झाले असतील, साखर वाढली असेल, नाहीतर मूत्रपिंड. रक्त घेतलं, लघवी घेतली. माझा जीव टांगणीला. संध्याकाळी फोन आला, सगळं उत्तम. म्हणाल्या, तब्येत तुमच्यापेक्षा त्याची बरी दिसते, तुम्ही झोपता ना नीट?

ट्रे किती जुना आहे, हेही त्यांनी विचारलं. प्लास्टिकवर नखांचे ओरखडे पडतात, त्यांत वास मुरतो, कितीही घासा. फेकून द्या आणि नवीन आणा, म्हणाल्या.

इतकी साधी गोष्ट! स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. एकच खटकलं, तपासणीच्या टेबलावर मुकादम माझ्यापासून लांब, पार त्या टोकाला जाऊन बसला होता. सुईचा राग असेल.

१७ मार्च

काल नवा ट्रे आणला. जुना अर्थातच फेकला नाही. दोष सापडेपर्यंत मूळ नमुना ठेवायचा असतो. त्याच्या वाळूसकट त्याला बाल्कनीतल्या कपाटात ठेवलं, वर पुठ्ठा. रोज सकाळी आणि दुपारी पुठ्ठा काढून जुना हुंगते, छातीभर. मग कोपर, मग नवा. पद्धत म्हणजे पद्धत.

जुना नऊ. नवा आठ. एका दिवसात नवा आठवर कसा गेला? मुकादमानं त्यात नीट पायसुद्धा ठेवलेला नाही.

२० मार्च

जिन्यात मालकीणबाई भेटल्या. सहज विचारलं, आधीच्या भाडेकरूंचं मांजर कुठल्या जातीचं होतं हो? त्या म्हणाल्या, कसलं मांजर? एकटीच बाई होती, टापटिपीची, कचेरीत जायची. मांजर काय, कुंडीतलं झाडसुद्धा नव्हतं तिच्याकडे.

मग ट्रे कुणाचा? त्यांना ठाऊक नाही. नंतर जरा घुटमळून म्हणाल्या, वास मात्र तिच्या वेळीही यायचा. गटारं उघडून बघितली, काही सापडलं नाही. ती गेली तेव्हा वासही गेला. कुठं गेली, विचारलं तर भाजी निवडायची राहिली म्हणत आत गेल्या.

संताप संताप झाला. हे आधी सांगायला काय झालं होतं? दोन आठवडे मी त्या मुक्या जनावराला बोल लावतेय!

२२ मार्च

एकच गोष्ट बदलायची राहिली आहे, मुकादम. त्याला दोन दिवस डॉक्टरीणबाईंकडे ठेवलं. फाटकापाशी मला रडू आलं, त्याला नाही आलं. पिशवीतून उतरला आणि मागे न बघता आत गेला. लबाड कुठला.

घरी येऊन नवा ट्रे रिकामा केला, धुतला, ताजी वाळू घातली, पट्टी फिरवून सपाट केली. आता बघू.

२३ मार्च

दुपारी एकला आले. वाळू सपाट. जेवले. पद्धतीप्रमाणे जुना हुंगला. खुर्चीत बसले, ही वही उघडली.

पुढचं आठवतं ते थेट घड्याळ. चार वाजायला वीस मिनिटं.

नव्या ट्रेमध्ये पाच गोळे. मोठे, मुठीएवढे. दाराला आतून कडी, मीच घातलेली. खिडक्या बंद. डॉक्टरीणबाईंना फोन केला. मुकादम तिथंच आहे, पंख्याखाली झोपलाय.

२४ मार्च

आज पुन्हा. एक ते साडेतीन. आणखी सहा गोळे.

माझ्या नखांत वाळू आहे. चाळताना गेली असेल, असं लिहिणार होते. पण परवापासून मी चाळलेलंच नाही.

मुकादमाला आणायला गेले नाही. आणखी दोन दिवस ठेवा, म्हटलं.

२६ मार्च

कामावर शोभा झाली. चौदा नमुन्यांना चौदा चुकीचे आकडे. नाकेश्वर ओरडले नाहीत. म्हणाले, तुमचा शून्य हलला आहे. कोपर हुंगायला लावलं. हुंगलं. काहीच नाही, कोरं, जसं असायला हवं तसं.

मग त्यांनी माझा हात मागितला. खाली वाकले. आणि माणूस चटका बसावा तसा मागे झाला. खिडकी उघडली. बाकीचे आपापल्या बाटल्यांकडे बघत राहिले. तेव्हा लक्षात आलं, गेला आठवडाभर माझ्या बाजूची खिडकी उघडीच असते.

त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, घरी मांजर आहे का तुमच्या?

मी शून्य म्हणून हुंगत होते तो आठ होता. दोन आठवडे. घरभर हिंडत, सगळ्यांना आकडे देत.

२७ मार्च

रजेवर पाठवलं. मुकादमाला आणलं. पिशवी उघडली तर बाहेर येईना. मला बघून शेपूट फुलवली, अंगावरचा केस न् केस उभा. मी म्हटलं, अरे मी आहे, ताईची धाकटी, विसरलास? तो फिस्कारला. खूप रडले.

सगळा घोळ त्या जुन्या ट्रेचा आहे. नमुना गेला खड्ड्यात, आजच कचऱ्यात टाकणार. बाल्कनीत गेले, पुठ्ठा काढला —

पाच वाजलेत. ट्रे तिथंच आहे. माझे कपडे गुडघ्यापर्यंत ओले आणि वाळूत मी

नाही. हे लिहिणार नाही.

२९ मार्च

ट्रे दोनदा जिन्यापर्यंत नेला. दोन्ही वेळा भान आलं तेव्हा संध्याकाळ झालेली, आणि ट्रे कपाटात. वरचा पुठ्ठाही नीट.

मुकादम खोलीतल्या कपाटाच्या माथ्यावर आहे, दोन दिवस. माझ्या हातचं खात नाही. बशी ठेवून दुसऱ्या खोलीत गेले की खातो. मी दाराच्या फटीतून बघते. त्याची मान खाली गेलेली, जाडजूड, मऊ —

मी स्वतः परवापासून जेवलेले नाही. भात तोंडात घेतला की साबण लागतो.

त्याला इथून हलवायला हवं. वासापायी नव्हे.

३१ मार्च

मालकीणबाई आल्या, ठरल्याप्रमाणे. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हटलं, न्या त्याला. आत्ताच्या आत्ता न्या, पाया पडते.

मुकादम उडी मारून त्यांच्या पायाशी गेला आणि अंग घासायला लागला. त्यांनी त्याला उचललं. त्याच्या पाठीत नाक खुपसलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, भीती होती.

"बोका राहू दे," त्या म्हणाल्या. "याला कसलाच वास नाही. खाली माझ्याकडे राहील. तुम्ही जा."

जायला मी तयार आहे हो. कपडे भरलेत. आज पाचदा उंबऱ्यापर्यंत गेले.

पण ताईचा बोका राहिला. त्याला घर मिळालं. बरं वाटलं. खरंच बरं वाटलं.

१ एप्रिल

बाल्कनीत लिहितेय. इथं गार आहे. वाळू गार. गुडघे छातीशी घेतले की बरोबर मावते —

खालून त्याचा आवाज येतो. दूध मागतोय. मालकीणबाई त्याला राजा म्हणतात. मुकादम म्हणा हो त्याला, मुकादम —

अक्षर लागत नाही. पेन बोटांत राहत नाही.

आवाज जवळ आला. जिन्यात. वर आलाय. दार खरवडतोय. ताई गेली तेव्हाही असाच, तिच्या खोलीचं दार, रात्रंदिवस —

मला शोधायला आलाय.

कडी लावलेली नाही. उठायला हवं. पाय उलगडत नाहीत. ओरडून सांगायला गेले तर तोंडातून दुसराच —

दार ढकललं त्यानं. पावलं. मऊ. स्वयंपाकघर. बाल्कनी.

समोर बसलाय. बघतोय. फिस्कारत नाही आज.

जा रे. जा ना. मुकादम, जा, मला फार भू