वाघदेवाशेजारचा खांब

खैरपाडा, ता. पेठ, जि. नाशिक
४ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
कलाआत्याचे पोटभर आशीर्वाद.

पाड्यावर फोनला रेंज नाही, म्हणून पत्र पेठच्या एसटीच्या कंडक्टरकडे देते. भात कापून झालं, नागली उभी आहे. भारतच्या मनीषाला सातवा महिना लागला. सून गुणी आहे, पण बस म्हटलं तर बसेल तेव्हा खरं. दिवेलागणीला शेळ्या आणायला ओहोळापर्यंत जातेच.

आता कामाचं. शनिवारपासून हिरामणची गस्त बंद झाली. दोन वर्षांपूर्वी तुझ्या आतोबांना बिबट्याने ओहोळात ओढून नेलं, त्यानंतर वनखात्याने त्याला इथे नेमलं होतं. बॅटरी आणि फटाके घेऊन तो बायकांबरोबर चालायचा. जाताना म्हणाला, खात्याने खांबावर बसवलेल्या कॅमेऱ्याच्या यंत्राला पंधरा दिवसांत बिबट्या दिसला नाही, म्हणून वरून आदेश आला आणि मला दुसऱ्या गावी धाडलं. मी काल ओहोळाच्या चिखलात पंजाचा ठसा पाहिला. हा आदेश कोणाचा, तेवढं तुझ्या कचेरीत विचार. तू त्याच खात्यात आहेस म्हणून लिहिते, नाहीतर तुला त्रास दिला नसता.

भारत मजेत आहे. पोरीने जेवणाची आबाळ करू नये.

तुझी,
कलाआत्या

सातपूर, नाशिक
७ नोव्हेंबर २०२५

ती. कलाआत्यास,
प्रतिभाचा शि. सा. नमस्कार.

तुझं पत्र वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. तो आदेश मीच लिहिला. मुंबईहून कृत्रिम बुद्धिमत्तेचं धोरण आलं, त्यावरून जिल्ह्याचा आदेश तयार करायचं काम माझ्याकडे होतं. गस्तीची माणसं थोडी, गावं फार. यंत्र जिथे बिबट्या दाखवेल तिथे माणूस ठेवायचा, जिथे पंधरा दिवस दाखवणार नाही तिथून काढायचा. साहेबांनी माझी पाठ थोपटली होती गं.

आत्या, यंत्र डुलकी घेत नाही, त्याला कुत्रं आणि बिबट्या यांतला फरक कळतो. तुमच्या खांबावरून दिवाळीच्या आधीपासून एकाही बिबट्याची खबर आलेली नाही. तो पंजा जुना असेल. तरी मनीषाला घरात ठेव, आणि भारतदादाला म्हणावं, शेळ्या तुझ्या नाहीत का?

लोभ आटू देऊ नकोस.
तुझी प्रतिभा

खैरपाडा
१० नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आशीर्वाद.

परवा दिवेलागणीला बिबट्याने शेळी नेली. तिचं दावं मनीषाच्या हातात होतं. हात सोलला आहे, बाकी ती आणि पोटातलं बाळ दोघं देवाच्या दयेने धड आहेत. नुसती चुलीपुढे बसून असते.

काल सकाळी मी खांबापाशी गेले. तो वाघदेवाच्या दगडाशेजारीच रोवलेला, यंत्राचा डोळा माझ्या छातीएवढ्या उंचीवर. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला पाड्याने दगडाला शेंदूर लावला, तसा खांबालाही लावला. देवाच्या राखणीला सरकारने धाडलेला गडी, असं सगळे म्हणत होते. भारतने डोळ्यावर झेंडूची माळ बांधली, वरून तेलातला शेंदूर. मी बाजूला उभी होते, मलाही बरंच वाटलं. फुलं वाळून गळली, शेंदूर काचेवर बसला. त्या दिवसापासून तुमच्या यंत्राला काय दिसलं असेल ते तू समज.

मी भारतला सांगितलं तर तो धावत गेला आणि चुलीतल्या राखेने काच घासली, घरची पितळी घासतो तशी. आता शेंदूर निघाला आणि काचेवर चरेच चरे पडले. माणसाला मोतीबिंदू होतो तशी दिसते. सरपंच म्हणतात, सरकारी मालाची नासधूस, गुन्हा दाखल होईल, गप्प बसा. भारतही म्हणतो, आई गप्प बस.

मी गप्प बसले तर यंत्र आंधळंच राहील आणि तुम्ही म्हणाल बिबट्या नाही. म्हणून लिहिते. मी कोणाची आई आहे हे ठाऊक असूनच लिहिते.

तुझी,
कलाआत्या

सातपूर
१३ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार.

मनीषावहिनीच्या हाताचं वाचून माझ्याच्याने डबा खाववला नाही. यंत्राला दिसला नाही, एवढंच मला ठाऊक होतं. आदेशात मात्र मी बिबट्या नाही असं लिहून मोकळी झाले. तुझ्याकडे येऊन पाहायला एसटीने दोन तासही लागत नाहीत.

साहेबांपुढे दुरुस्ती ठेवली आहे. कोणी माणूस गावात जाऊन यंत्र आणि रान दोन्ही बघून येत नाही, तोवर गस्त काढू नये, अशी. साहेब म्हणाले, एका पाड्याच्या तक्रारीवर जिल्ह्याचा आदेश बदलत नाही, यंत्र का चुकलं त्याचं कारण नावानिशी लिहून आण. आणि हेही म्हणाले, की गावकऱ्यांनी बिघडवलं असेल तर यंत्रही काढून नेऊ आणि कारवाईही करू.

भारतदादाचं नाव लिहिलं तर फाइल हलेल, पण त्याचं काय होईल ते माझ्या हातात नाही. लहानपणी त्याच्याच खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली. माझा पेन चालत नाही. तू सांगशील तसं करते.

तुझी,
प्रतिभा

खैरपाडा
१५ नोव्हेंबर २०२५

चि. प्रतिभास,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी भारतला वाचून दाखवलं. तो अंगणात पाठ फिरवून बसला. संध्याकाळी मनीषाने पट्टी सोडून त्याला हात दाखवला आणि म्हणाली, खटला झाला तर तुम्ही घरी तरी याल, मामंजी आले का? मग तो उठला आणि म्हणाला, लिहा माझं नाव.

हे पाड्यावर कळलं तसे सगळे ओट्यावर जमले. भिका म्हणाला, फुलं माझ्या मळ्यातली, माझंही नाव घाल. साळूबाई म्हणाली, शेंदूर मी कालवला, तेल जास्त पडलं हेपण लिही. झिपरू म्हणाला, मी नुसता प्रसाद खाल्ला, पण दोनदा खाल्ला. अख्ख्या पाड्याच्या सह्या आणि अंगठे या पत्रासोबत धाडले आहेत. साहेबांना विचार, सगळ्यांना नेणार असतील तर एसटी धाडतील का?

आणि आमच्याकडून एवढं लिही. खांब रोवायला आलेली माणसं दुपारी आली नि दुपारीच गेली. हे काय आहे, याला काय चालतं, काय चालत नाही, हे पाड्यावर कोणाला सांगितलं नाही.

तुझ्या दुरुस्तीवर साहेबांची सही झाली की कळव. नाही झाली तरी कळव, म्हणजे आम्ही वाट बघत बसणार नाही. सध्या बायका ताटं वाजवत एकत्र जातो. मनीषाला घरीच ठेवलं आहे. बिबट्या मागे राहिलेल्याला धरतो, म्हणून सगळ्यांच्या मागे मी चालते.

पोरी, तुझ्यावर राग नाही. माया होती तेवढीच आहे, ती जपून ठेव.

तुझी,
कलाआत्या