रक्तात पडलेलं तुळशीचं पान

गुरुवार, दिवेलागणीनंतर

मामंजींचं श्वासाचं मशीन काढायचं का, हे ठरवायला आज डॉक्टरांनी घरच्यांना दवाखान्यात बोलावलं होतं. म्हणाले, "अशा वेळी काय करावं, याची आरोग्य-नीतीची राष्ट्रीय समिती फक्त वाट दाखवते. ठरवायचं तुम्ही आणि आम्ही मिळून."

तेवढ्यात धाकटे भाऊजी वालीवच्या कारखान्यातून तसेच धावत आले. माझ्या हातात देवापुढचं तीर्थ आणि तुळशीचं पान. मी तर मामंजींसाठी रोजच नेते! त्यांना वाटलं, शेवटचं पाणी पाजायला आणलंय, म्हणजे सगळं आधीच ठरलं.

"वहिनी, बापाला मारायला निघालात?" ओरडत त्यांनी डॉक्टरांच्या नाकावर ठोसा हाणला. ह्यांनी भाऊजींचं डोकं भिंतीवर आपटलं. सख्खे भाऊ ना हे? पान रक्तात पडलं.

सासूबाई किंचाळल्या, "मेल्यांनो, हे साध्या सुईला घाबरायचे. अजून किती टोचून घ्यायचं त्यांनी?"

भाऊजी मटकन बसले. मग तेच म्हणाले, "आई, उद्या काढू."

दिवेलागणीनंतर तुळस खुडू नये. आज घरी येऊन खुडली, उद्याच्या शेवटच्या पाण्यासाठी. पाप लागेल? लागू दे. उद्या सकाळी ते पान तोडायला माझा हात उठला नसता.