जॉब कार्डाची मागची बाजू

सर,

तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही, हे आधीच सांगून ठेवते. तुम्ही जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. मला ते कळलं तेही उशिरा, आरमोरीच्या बाजारात, कॉलेजातल्या जुन्या शिपायाकडून. दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या होत्या. मी 'अरेरे' म्हटलं, घरी आले आणि तांदूळ निवडायला बसले. निवडता निवडता लक्षात आलं की वाईट वाटतंय त्याहून जास्त चीड येते आहे, कारण तुमच्याशी भांडायचं राहून गेलं. आज पौर्णिमा आहे. विहारातून आले, पांढरं लुगडं अजून अंगावरच आहे, आणि मागच्या वर्षीच्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्यांवर लिहिते आहे. पाठकोरा कागद मी टाकत नाही. ही सवय जीपच्या एजन्सीतल्या जॉब कार्डांनी लावली, आणि भांडण त्या कार्डांचंच आहे.

मागच्या आठवड्यात सुनेची स्कूटर सर्व्हिसिंगला टाकायला तिच्याबरोबर शोरूममध्ये गेले होते. काचेचं दार, थंडगार हवा, आणि काउंटरवर एक पोरगी, अंगावर कंपनीचा शर्ट. गाडीची तक्रार ती बोटानं एका पाटीवर लिहून घेत होती. मला इतका आनंद झाला की विचारूनच टाकलं, "बाई, तू गाडी खोलते काय?" ती हसली. "नाई काकू, आम्ही समोरच राहतो. आत टेक्निशियन आहेत ना." मी म्हटलं, आत पोरी किती? तर म्हणे, "आत नाई काकू, पोरी सगळ्या काउंटरलेच." सर, चाळीस वर्षं होत आली. काउंटर काचेचं झालं, एवढंच.

मी मॅट्रिक झाले तेव्हा बाबा कोळसा खाणीत होते. कोणीतरी त्यांना सांगितलं की चंद्रपूरच्या कॉलेजात मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा नवा कोर्स निघाला आहे, आलटून पालटून दोन महिने कॉलेजात शिकायचं, दोन महिने जीपच्या एजन्सीत काम करायचं, आणि शेवटी एजन्सी त्यातल्या एकाला कायम ठेवून घेणार. बाबासाहेबांनी शिका म्हटलं, ते पोरींना वगळून म्हटलं नाही, असं बाबा फॉर्म भरताना म्हणाले होते. बाबांचा जुना खाकी शर्ट सलवारीवर घालून मी पहिल्या दिवशी आले. वर्गात सगळी पोरं आणि मी एकटी. कोणीतरी मागून ओरडलं, "मिस्त्रीण आली रे!" सगळे खो खो हसले. तुम्ही इंजिनवर वाकलेले होतात. हात न पुसताच वळलात.

"मिस्त्रीण म्हणजे कोण रे?" तुम्ही विचारलंत.

"मिस्त्रीची बायको, सर."

"मंग हे कोणाची बायको हाय? हे मिस्त्री होऊन राह्यली. मिस्त्रीच म्हणाचं."

आणि खरंच, त्या दिवसापासून पोरं मला मिस्त्री म्हणू लागली. "ओ मिस्त्री, तेरा नंबरचा पाना दे बरं." मला त्या हाकेचं काय सुख होतं, ते आता कोणाला सांगावं? घरी जाताना ग्रीस लागलेली नखं मी मुद्दाम धूत नव्हते. आई पिठाला हात लावू देत नसे. तुम्ही शिकवलेलं मला आजही जसंच्या तसं आठवतं. गाडी बंद पडली की आधी पान्याला हात लावायचा नाही, ज्यानं चालवली त्याला विचारायचं. कधी बंद पडते, कुठे पडते, पडायच्या आधी काय करते. "ड्रायव्हर अर्धा दोष तोंडानं सांगून टाकते, आपले कान बंद राह्यतात," असं म्हणत होतात तुम्ही.

मग एजन्सीचे महिने लागले. मॅनेजरनं पहिल्याच दिवशी आमच्याकडून एकेक ओळ लिहून घेतली आणि माझी ओळ वाचून म्हणाला, "वा, मोत्यासारखं अक्षर! बाई, तुम्ही काउंटरवर बसा, जॉब कार्डं लिहा." बाकीची पोरं आत गेली, जीपखाली आडवी झाली. मी बाहेर स्टुलावर. गाडी नंबर, मालक, तक्रार, तारीख. आठ दिवसांनी मी तुमच्याकडे आले, रडकुंडीला येऊन. तुम्ही चहा पीत होतात. "अक्षर चांगलं आहे तुह्यं, त्यात माहा काय दोष?" म्हणालात. वर म्हणालात, "तक्रार लिहिणं हे बी मिस्त्रीचंच काम आहे. नीट लिही." नीट लिही! त्या दिवशी एजन्सीपर्यंत पायी गेले, रागानं.

नीट लिहायला गेले तर तेही चालेना. कोर्सच्या शेवटच्या उन्हाळ्यात गडचिरोलीकडून एक पेट्रोलची जीप आली, तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराची. ड्रायव्हर वयस्क होता, दाढीत मेंदी. म्हणाला, "बाई, चार कोस मस्त चालते अन् मरते. मंग मी टाकीचं झाकण खोलतो, तं सुस्कारा टाकते. अशी, फुस्सकन. मंग पुन्हा चालते. बिमार माणसावानी." मी ते तसंच्या तसं लिहिलं: चार कोसांनंतर मरते, झाकण उघडलं की सुस्कारा टाकते. मॅनेजरनं कार्ड वाचलं आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर मोठ्यानं म्हणाला, "इथी कादंबरी लिहून राह्यली काय? पेट्रोल सप्लाय दोष, एवढं लिहा!" मी नवं कार्ड घेतलं. समोर त्यानं सांगितलेलं लिहिलं. पण तो सुस्कारा गाळवेना, म्हणून तो कार्डाच्या मागे लिहिला, बारीक अक्षरात.

मागची बाजू कोण वाचतो? हेडमिस्त्रीनं पेट्रोलचा पंप बदलला. जीप गेली आणि दोन दिवसांत परत आली. कार्बोरेटर साफ केला. पुन्हा आली. तिसऱ्या खेपेला ड्रायव्हरनं चाव्या माझ्या टेबलावर आपटल्या. "बाई, तुमचे मिस्त्री आहेत का हजाम?" हेडमिस्त्री आता अख्खी पेट्रोलची नळी काढायला निघाला होता. जेवायची सुट्टी झाली, सगळे डबे घेऊन झाडाखाली बसले, आणि मी काउंटर सोडून आत गेले. टाकीचं झाकण हातात घेतलं. त्याच्या वर मधोमध पिवळट, काचेसारखं काहीतरी घट्ट बसलेलं. नखानं निघेना. ड्रायव्हर मागेच उभा होता.

"भाऊ, हे काय लावलं?"

"धावड्याचा डिंक!" अगदी अभिमानानं म्हणाला. "नाल्यात गाडी घातली का त्या भोकातून पेट्रोल उडते, बाई. किती वाया जाते! म्हनून बुजवलं. पेट्रोलात इरघळत नाई हा डिंक. जंगलातला पक्का माल."

"भाऊ, त्याच भोकातून टाकी श्वास घेते."

"लोखंडाले कायचा श्वास?"

मी त्याला समजावलं की पेट्रोल जसं कमी होतं तशी बाहेरची हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीच पेट्रोल ओढून धरते, पंप नवा बसवा की जुना. तो झाकणाकडे बघत राहिला. मग कपाळावर हात मारून घेतला आणि म्हणाला, "म्हंजे महिनाभर मीच तिचा गळा दाबून राह्यलो होतो!" डिंक पेट्रोलात विरघळत नाही, पण पाण्यात विरघळतो, हे मला कोणत्या कॉलेजनं शिकवलं नव्हतं, आईच्या स्वयंपाकघरात कळलं होतं. चहावाल्याकडून गरम पाण्याचा ग्लास आणला, झाकण त्यात बुडवून ठेवलं, आणि मऊ झाल्यावर केसातली पिन काढून भोक मोकळं केलं. तेवढ्यात आपल्या वर्गातला तो उंच पोरगा जेवून आला. त्यानं विचारलं, मी सगळं सांगितलं. लायसन त्याच्याकडे होतं, माझ्याकडे नव्हतं. तो ड्रायव्हरला शेजारी बसवून राजुऱ्याच्या रस्त्यानं ट्रायल घेऊन आला. आठ कोस. गाडी एकदाही मेली नाही. हेडमिस्त्रीनं त्याच्या पाठीवर थाप मारली. "शाब्बास रे पोऱ्या! दोष काढला!" तो पोरगा माझ्याकडे न बघता हात पुसत राहिला. ड्रायव्हरला घाई होती, तो निघूनही गेला होता.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आलात. एजन्सीत कायम कोणाला ठेवायचं, ते नाव त्या दिवशी तुम्ही द्यायचं होतं. हेडमिस्त्रीनं तुम्हाला डिंकाची गोष्ट सांगितली, पोराला पुढे केलं, तुमच्या हातात कार्ड दिलं. तुम्ही त्याचं नाव लिहिलंत.

ही गोष्ट मी आयुष्यभर अशीच सांगत आले. बाबांना सांगितली, ते दोन दिवस जेवले नाहीत. नवऱ्याला सांगितली. ते शाळेत बाबू होते, ऐकून म्हणाले, "बरं झालं, नाईतं आपलं जमलं कसं असतं?" त्यांनी गमतीनंच म्हटलं, पण तुम्हाला ठाऊक आहे का, लग्न ठरताना काकानं बजावलं होतं, मुलगी मॅट्रिक आहे एवढंच सांगायचं, कोर्सचं तोंडातून काढायचं नाही. दोन वर्षं माझ्या आयुष्यातून अशी खरडून टाकली, झाकणावरच्या डिंकासारखी. मुलांना सांगितली, सुनेला सांगितली. दर वेळी शेवट एकच: सरांनी पोरगी म्हणून डावललं. ऐकणारा दर वेळी माझ्या बाजूनं होतो. तुमच्या बाजूनं बोलायला तुम्ही नाहीत.

आज सकाळी विहारात पंचशील घेताना चौथ्या शीलापाशी मी अडखळले. खोटं बोलणार नाही, असं म्हणायचं असतं तिथे. शेजारच्या बाईनं पाणी दिलं. म्हणून आता सगळं लिहिते.

तुम्ही नाव लगेच लिहिलं नव्हतं. तुम्ही कार्ड उलटं केलंत. माझं बारीक अक्षर तुम्ही वाचलंत, ओठ हलवत, सावकाश. 'सुस्कारा' पाशी तुम्हाला हसू आलं, मी पाहिलं. मग तुम्ही विचारलंत, "हा दोष कोणी काढला?"

हेडमिस्त्री म्हणाला, "आपल्या पोरानं, सर."

"मी पोरांले इचारून राह्यलो," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे बघितलंत. त्याच्याकडे नाही. माझ्याकडे. किती वेळ बघत होतात! मी फरशीवरचा तेलाचा डाग पाहत होते. तुम्ही पुन्हा म्हणालात, "बोला." तेव्हा तो पोरगा चाचरत म्हणाला, "सर, ट्रायल मी घेतली," आणि तेही खरंच होतं. तुम्ही पेन काढलंत.

मी भीतीनं गप्प राहिले नव्हते, सर. हे मला पक्कं आठवतं. 'मी' हा शब्द ओठापर्यंत आलेला होता. पण मनात म्हटलं, कार्डावर माझं अक्षर आहे, त्यांनी वाचलंय, त्यांना कळलंय, मग त्यांनीच म्हणावं. मी कशाला माझ्या तोंडानं मागू? भर वर्गात ज्यांनी मला मिस्त्री म्हणायला लावलं, त्यांनी इथंही म्हणावं. आणि तुम्ही बहुतेक हेच बघत होतात की मिस्त्री स्वतःच्या तोंडानं बोलते का. दोघंही एकमेकांची वाट पाहत उभे, आणि मधे ती जागा गेली.

पण म्हणून तुम्ही सुटलात असं नाही. तुम्ही वयानं मोठे, पेन तुमच्या हातात. एका पोरीची परीक्षा घ्यायला तुम्हाला तोच दिवस सापडला? ड्रायव्हरला विचारल्याशिवाय गाडीला हात लावू नका म्हणणारे तुम्ही, मला बाजूला घेऊन एकदा विचारलं असतंत तर काय बिघडलं असतं? निघताना फाटकाशी तुम्ही मला प्लगची फट मोजायचा फीलर गेज दिलात, स्वतःचा, पत्र्याच्या डबीतला. "ठेव. तुह्या कामाचं आहे." कोणत्या कामाचं, सर? त्याच्या पातळ पात्यांनी मी आजवर फक्त शिलाई मशीनच्या दातांतला कापूस काढला. तेल मात्र लावत आले. एकाही पात्याला गंज नाही.

हा कागद कुठे पाठवणार? घडी करून त्याच डबीत ठेवीन. पण ठेवण्याआधी एक राहिलं. त्या शोरूममध्ये सुनेची स्कूटर सुरू होती, आणि तिचा आवाज ऐकून मला कळलं की प्लगमध्ये गडबड आहे, एखादा ठोका चुकतो आहे. मी त्या पोरीला म्हटलं, हे लिहून घे. तिनं बोट थांबवलं आणि चांगल्या मनानं, अगदी कौतुकानं विचारलं, "काकू, तुम्हाले गाडीतलं कळते काय?"

सून माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "नाई गं. असंच आपलं."