अगदी नव्यासारखी

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून धंदा शिस्तीत करायचा. जुनी वाद्यं, गाण्याबजावण्याचे अ‍ॅम्प, मिक्सर, स्पीकर घ्यायचे, साफ करायचे, फोटो काढायचे, विकायचे. गेली दोन वर्षं घेण्यातच जरा जास्त वेळ गेला, एवढंच.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन वीस तारखेला ठरलं. डॉक्टर म्हणाले, घरी आल्यावर उंच पलंग हवा आणि भोवती वॉकर फिरेल एवढी जागा. पलंग आहे की आमच्या खोलीत. उभा करून भिंतीला टेकवलाय. त्याच्या जागेवर स्पीकर आहेत. मी त्यांच्यामध्ये गादी टाकून झोपतो, मालाची राखण नको का. ही हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. दोन वर्षांत एका शब्दाने तक्रार नाही. माझ्यासमोर तरी नाही.

मुलीचा फोन आला. पंचवीस तारखेला आईला घरी सोडतील, तोवर खोली रिकामी दिसली नाही तर हॉस्पिटलमधून परस्पर तिच्या घरी नेणार म्हणे. वर म्हणाली, "आणि बाबा, मग परत पाठवणार नाही." पोरीला काळजी करायची सवय, माझ्यावर गेली आहे. पंचवीसला खोली आरशासारखी नाही केली तर नाव लावणार नाही.

४ फेब्रुवारी

फोनवर जाहिरात टाकली. सहा जणांनी विचारलं, "आहे का?" सहाही जणांना लिहिलं, "आहे." पुढे कोणी काही बोललं नाही. लोकांना नुसती माहिती हवी असते. ज्ञानाची भूक चांगली.

मोठ्या मिक्सरच्या बटणांत खरखर येत होती. शिलाई मशीनचं तेल सोडलं. खरखर पूर्ण बंद. आवाजही बंद आहे, तो बघतो.

६ फेब्रुवारी

झाडू मारताना हिचा हात माइकच्या स्टँडला लागला आणि झटका बसला. अ‍ॅम्प चालू होता. कोपरापर्यंत मुंग्या आल्या म्हणते. मी आधी अ‍ॅम्प तपासला. त्याला काही झालेलं नाही. उलट पॉवर उत्तम आहे हे सिद्ध झालं. जाहिरातीत तसं घातलं.

नंतर तिलाही विचारलं. ती म्हणाली, "अहो, राहू द्या." समजूतदार आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आज हात मारला. मोठा हात.

एक बाई आल्या, साठीच्या. जिना चढून दम लागलेला, हातात काळी लांबट पेटी. नवरा हॉटेलच्या बँडमध्ये तीस वर्षं बास वाजवायचा, गेल्या वर्षी गेला. त्यांना घर बदलायचं आहे, डिपॉझिट भरायला पैसे कमी पडतायत.

पेटी उघडली. तपकिरी बास गिटार, कडेला काळपट. मी फॅक्टरीत एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलं. माल ओळखणं हाडात आहे. आनंद झाला की चेहरा आंबट करायचा, हेही हाडात आहे. दोष काढत गेलो. रंग पिवळा पडलाय. तारांना गंज. गिटारला सहा तारा असतात, हिच्या दोन गायब. बाई म्हणाल्या, चारच होत्या पहिल्यापासून. मी म्हटलं, मग पहिल्यापासूनच फसवलं तुमच्या मिस्टरांना.

वरच्या कडेला तळहाताएवढा रंग उडालेला, लाकूड झिजून खळगा पडलेला. हे तर सरळ नुकसान. ते दाखवल्यावर बाई हळूच म्हणाल्या, "तिथे ते हात टेकवायचे, भाऊ." मी म्हटलं, म्हणूनच कमी देतोय.

जाताना त्यांनी विनवलं, एवढ्यात विकू नका. जुन्या घराचं डिपॉझिट परत मिळालं की मी सोडवून नेईन, वर चार पैसे देईन. मी हो म्हटलं. धंद्यात हो म्हणावंच लागतं. जाण्याआधी त्यांनी त्या खळग्यावरून एकदा हात फिरवला. पेटी मला परत बंद करावी लागली. वेळ गेला.

१० फेब्रुवारी

रात्रभर झोप नाही. चोर आले तर? दाराला दुसरी कडी लावून घेतली. आता आतून दार उघडायला वेळ लागतो. ही बाथरूमला जाताना पेटीला अडखळली. पेटी शाबूत आहे.

११ फेब्रुवारी

जाहिरात पाहून एक दाढीवाला आला. स्वतः बास वाजवतो. मी मिक्सर दाखवत होतो, त्याचं लक्ष पेटीकडे. ती उघडली. मागचा नंबरचा पत्रा पाहिला, पन्नास वर्षं जुनी आहे म्हणाला, तारा छेडल्या, त्या झिजलेल्या जागी स्वतःचा हात ठेवून पाहिला. मग भाव बोलला. एवढ्या पैशांत खोली रिकामी करून, रंगवून, हिला गादीसकट नवा पलंग आला असता. येईल. शनिवारी पैसे आणतो म्हणाला.

बासला चारच तारा असतात, हेही बोलण्यात आलं. मला ठाऊक होतं. त्या दिवशी बाईंची परीक्षा घेत होतो.

दाढीवाला दारातून दोनदा वळून म्हणाला, "काका, आहे तशीच राहू द्या. फडकंसुद्धा मारू नका. हात लावू नका."

ही हॉस्पिटलची पिशवी भरत होती. तिने ऐकलं. म्हणाली, त्याने सांगितलंय तर नका लावू हात. बायकांना व्यवहारातलं काय कळतं.

१२ फेब्रुवारी

विचार केला. हात लावू नका असं तो का म्हणाला? उघड आहे. घाणेरड्या, टवके उडालेल्या अवस्थेत एवढा भाव देतोय. साफ केली तर दुप्पट मागेन ही भीती. पोरगा दाढी ठेवतो म्हणून मला शिकवणार काय.

हार्डवेअरच्या दुकानातून आणलं : सँडपेपर जाड आणि बारीक, पॉलिश, स्प्रे रंग चेरी लाल. दुकानदाराने विचारलं, दाराला का? मी गूढ हसलो.

१३ फेब्रुवारी

घासली. जुना रंग चिवट, पन्नास वर्षांचा. पण माझ्यापुढे काय टिकतो. खळग्याला सगळ्यात जास्त वेळ लागला. आजूबाजूचं लाकूड उतरवून सपाट केला. आता बोट फिरवलं तरी कळत नाही की तिथे कधी काही होतं.

मागच्या पत्र्यावर कसलासा नंबर कोरलेला होता, त्यात मळ साचायचा. घासून गुळगुळीत केला. चेहरा दिसतो त्यात. माझाच.

घरभर भुसा. ही खोकते आहे. ऑपरेशनच्या आधी खोकला बरा नाही, तिने काळजी घ्यायला हवी.

१४ फेब्रुवारी

चेरी लालचे तीन हात. गॅलरीत वाळत टाकली. शेजारचा म्हणाला, खेळणं का नातवाचं? जळतात लोक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

दाढीवाला अकराला आला. पैशांचं पाकीट छातीशी धरलेलं. मी बासवर चादर टाकून ठेवली होती, एकदम ओढली.

तो खाली बसला. जमिनीवरच. मी पाणी दिलं. त्याने विचारलं, नंबर कुठे आहे? मी पत्रा दाखवला. त्याने पत्र्यात स्वतःचा चेहरा पाहिला. मग ती जागा शोधली, हात ठेवायची. मी अभिमानाने म्हटलं, सापडणार नाही. तो म्हणाला, "काका, तुम्ही पन्नास वर्षं घासून टाकलीत." मी म्हटलं, दोनच दिवस लागले.

हिने चहा आणून दिला होता, तो तसाच ठेवून गेला. पाकीट घेऊन गेला. जिन्यात थांबून भिंतीला डोकं टेकून उभा होता. इतकं नाटक करणारं गिऱ्हाईक म्हणजे हमखास परत येणारं. सोमवारपर्यंत येईल. फार भाव उतरवायचा नाही.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आला नाही. फोन केला. उचलला नाही. सात वेळा केला, आठव्यांदा बंद लागला. बॅटरी संपली असणार बिचाऱ्याची.

जाहिरात बदलली : "पन्नास वर्षं जुनी, अगदी नव्यासारखी." कोणीतरी खाली हसण्याची चित्रं टाकली आहेत. चर्चा सुरू झाली म्हणायची.

१८ फेब्रुवारी

ती बाई आली. डिपॉझिट मिळालं म्हणे. पैसे रुमालात बांधून आणलेले. जिन्यावरूनच सांगत आली, नव्या घरात खुंटीसुद्धा ठोकून घेतली आहे.

मला वाटलं, बरंच झालं. दाढीवाल्याने भाव खाल्ला, या बाई घेतील. रंगकामाचे पैसे वर मागायचे ठरवलं. चादर ओढली.

बाईंनी चष्मा पुसला. ही दुसऱ्या कोणाची आहे, म्हणाल्या. मी म्हटलं, तुमचीच. सँडपेपरपासून सगळं समजावून सांगितलं. त्यांनी बास मांडीवर घेतली आणि डोळे मिटून वरच्या कडेवरून हात फिरवायला लागल्या. एकदा, दोनदा. उलटी धरून पुन्हा. आंधळं माणूस दाराची कडी शोधतं तसं. मग डोळे उघडले. रडणं वगैरे नाही. म्हणाल्या, "इथे होते ना ते."

बास परत माझ्या हातात दिली. हाताला थोडा लाल रंग लागला होता, तो पदराला पुसला नाही, तसाच घेऊन गेल्या. मी जिन्यात जाऊन ओरडलो, रंगकामाचे सोडून देतो, घेतल्या भावात देतो, त्याहून कमी बोला. थांबल्या नाहीत.

ही दारात उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. मी म्हटलं, लोकांना नवं करून दिलेलंही चालत नाही. माझ्याकडे बघत राहिली, एखादा ओळखीचा माणूस रस्त्यात दिसावा आणि नाव आठवू नये, तशी.

मग पिशवीत अजून दोन साड्या भरल्या. हॉस्पिटलात साड्या कशाला लागतात?

२० फेब्रुवारी, गुरुवार

ऑपरेशन. मी वेळेवर निघालो होतो. वाटेत एकाकडे सोळा चॅनेलचा मिक्सर, पडून होता, मातीमोल. चार बटणं नाहीत पण बटणं काय. घासाघीस लांबली. पोचलो तेव्हा हिला बाहेर आणलं होतं. मुलगी माझ्या हातातल्या मिक्सरकडे बघत होती. मी तो कॉटखाली सरकवला. नर्स रागावली.

ही शुद्धीवर आल्यावर मी सांगितलं, खोलीचं काम जोरात चालू आहे. तिने डोळे मिटले. औषधाचा अंमल.

२३ फेब्रुवारी, रविवार

खोली रिकामी करायला सुरुवात. स्पीकर पॅसेजमध्ये काढले. मग पॅसेजमधून जाता येईना म्हणून परत खोलीत. बीपीची गोळी घेतली.

भंगारवाला आला. सगळं एकदम उचलतो म्हणाला, आजच, पलंगही मांडून देतो. भाव ऐकून मी त्याला हाकलला. एकेका वस्तूमागे माझी पारख आहे. वजनावर नेणार म्हणे. मुलीने हे ऐकून फोनवर फक्त "बरं" म्हटलं. अखेर तिलाही पटतंय.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी दहा. पलंग आडवा केला! म्हणजे निम्मा. पाय अ‍ॅम्पवर, डोकं स्पीकरवर. उंची डॉक्टरांनी सांगितल्यापेक्षा जास्तच. वॉकर कुठून फिरणार तेवढं बघायचं.

दुपारी एक. मुलगी एकटीच वर आली. खोलीच्या दारात उभी राहिली, आत शिरताच येईना. कपाटातून आईचे कपडे, चष्मा, औषधांचा डबा घेतला. मी म्हटलं, आठ दिवस दे. म्हणाली, "बाबा, आईनेच सांगितलं, वर नेऊ नकोस." हे औषधाच्या अंमलात सांगितलं असणार.

जावयाची गाडी खाली उभी होती. मी गॅलरीतून हात केला. हिने वर पाहिलं नाही. मान अवघडली असेल. इतका वेळ गाडीत बसायचं म्हणजे.

पलंग पुन्हा उभा केला. हलत होता.

२६ फेब्रुवारी

एकाने विचारलं, "आहे का?" लिहिलं, "आहे."

२७ फेब्रुवारी

वाईटातून चांगलं निघतं. हॉलमधला सोफा रिकामा झाला. मोठा स्पीकर तिथे मावेल हे कधी सुचलंच नव्हतं. चढवला.

कलतो. पुन्हा ठेवला, पुन्हा कलतो. चादर काढून पाहिली. फोममध्ये लांबट खड्डा पडलाय. खांद्याशी खोल, गुडघ्यांपाशी वाकडा. दोन वर्षांत एवढा.

फोमवाल्याला फोन केला. म्हणाला, काही अवघड नाही, नवा भरून देतो, खड्डा होता हेसुद्धा कळणार नाही, अगदी नव्यासारखा. आत्ताच निघतो म्हणाला.

मी म्हटलं, उद्या ये.

थोड्या वेळाने परत फोन करून परवा ये म्हटलं.

स्पीकर तूर्तास खाली उतरवून ठेवला आहे.