बरोबरी झालीच नाही

बाबा, जयभीम.

मी लवकर शाळेत चालली. भाकरी टोपल्यात हायेत, भाजी तेवढी गरम करून घ्या.

रात्री जेवताना तुमी म्हनले, सरांनी दोघींची लांब उडी ४.२ मीटर लिवली, म्हंजे बरोबरी झाली. हर्षिता आपल्या साहेबांची पोरगी, आदिलाबादच्या सामन्याले तिलेच जाऊ दे. पन बाबा, बरोबरी झालीच नाही. सरांनी आकडा एका दशांशापर्यंत राउंड केला. ४.१५ पासून ४.२५ च्या आतली कोनतीबी उडी मंग ४.२ च लिवल्या जाते. आमच्या दोघींत पाच बोटांचा फरक असू शकते. माझी उडी कमी भरली तरी चालंल, पन मोजल्याशिवाय मी जागा सोडनार नाही.

कालच हे सरांले सांगतलं. ते चिडून म्हनले, "गणित वर्गात करत जा!" मी वर्गातच, फळ्यावर करून दाखवलं. तवा हर्षिताच उठून म्हनली, "सर, मलाबी असं सिलेक्शन नको."

आज नऊ वाजता दोघी पुन्हा उडी मारून राह्यलो. या खेपेला टेपनं सेंटिमीटरमधी मोजनार हायेत. काल तुमाले सांगतलं नाही, कारन तुमी अडवलं असतं.

साहेबांनी हापिसात इचारलं, तर मान खाली घालू नका. सांगा, पोरगी माझं ऐकत नाही. मी जिंकली तरी तेच सांगा.

तुमची,
मैत्री