माझी शिक्षा, एक दिवसाआड

तीर्थस्वरूप मामांस, छावणीतून नुमेरियसचा दंडवत. मामींचा गुडघा कसा आहे? (त्यांना यातलं अवाक्षर सांगू नका, आईला कळायला दुपारही लागायची नाही.) तुमच्या खुराड्यावर टपलेला कोल्हा अखेर सापळ्यात सापडला म्हणे, वाचून बरं वाटलं. मी आज मजेत आहे. आज म्हणतो, कारण उद्याचा दिवस निगिडियससाहेबांचा.

रोमने यंदाही रीतीप्रमाणे दोन कॉन्सुल निवडले, दोघांना सारखाच अधिकार दिला आणि दोघांनाही आमच्याच बोकांडी बसवलं. एक दिवस हुकूम ट्रेमेलियससाहेबांचा, दुसऱ्या दिवशी निगिडियससाहेबांचा. सूर्य उगवला की मालक बदलला. एक खंदक खणायला लावतो, दुसरा तोच बुजवायला. तर एका पहाटे मी ट्रेमेलियससाहेबांचा खंदक खणत होतो आणि मध्येच मेला सूर्य उगवला. फावडं खाली गेलं तेव्हा मी आज्ञाधारक शिपाई होतो, माती घेऊन वर आलं तेव्हा बंडखोर! निगिडियससाहेब समोरच उभे. "माझ्या दिवशी त्याचा खड्डा खणतोस काय रे?" म्हणाले, आणि दंडुक्यांनी मरेस्तोवर मारायची शिक्षा फर्मावली. दंडुके तंबूतल्या सोबत्यांनीच घालायचे, तशी रीतच आहे. (त्यातल्या अरुन्सने चांगला ओला दंडुका निवडूनही ठेवलाय. माझे बूट त्याला मापात बसतात.)

पण त्या सकाळी शकुनाच्या कोंबड्यांनी दाणे टिपले नाहीत, आणि त्या टिपत नाहीत त्या दिवशी ना लढाई, ना शिक्षा. दुसऱ्या दिवशी ट्रेमेलियससाहेबांनी मला माफ केलं, वर शाबासकी म्हणून त्याच कोंबड्यांचा राखणदार नेमलं. तिसऱ्या दिवशी निगिडियससाहेबांनी माफी रद्द केली, पण आदल्या दिवशी आनंदात मी भरमसाट चारलेल्या कोंबड्या दाण्याला शिवल्याच नाहीत. तेव्हा कुठे मला अक्कल सुचली! ट्रेमेलियससाहेबांच्या दिवशी मी कोंबड्यांना गळ्यापर्यंत जव चारतो, म्हणजे दुसऱ्या सकाळी त्या दाण्याकडे ढुंकून बघत नाहीत. अशा सहा खेपा निभावल्या. पण मामा, खरं सांगतो, खांबाला बांधलेला असताना पिंजरा उघडतात आणि ती तुरेवाली चोच खाली घालते ना, तेव्हा मी तिला काल चारलेले जव मनात मोजू लागतो. ती नुसती माती उकरते आणि मागे फिरते. मग मी ढसाढसा रडतो, आणि लोकांना वाटतं पोरगा फार देवभोळा आहे.

थोरामोठ्यांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद.

आजचा राखणदार, उद्याचा गुन्हेगार,
तुमचाच नुमेरियस

ता. क. — खरं काम राहिलंच. जव संपलेत. दोन टेकड्यांचं तर अंतर. पत्र आणणाऱ्याच्या खेचरावर आजच्या आज दोन पोती पाठवा.

ता. क. दुसरा — पत्र बंद करतोय तोच घात झाला. दोघे कॉन्सुल आज एका तंबूत बसले आणि वर्षात पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. ट्रेमेलियससाहेबांना कोंबड्यांची काळजी, निगिडियससाहेबांना माझी. ठरलं असं, की कोंबड्यांचं पोट बिघडलंय, उद्या सकाळपर्यंत कडक उपास. हुकमावर दोघांची मोहोर! हे दोघे भांडत होते तोवर मी जगत होतो हो. आता जव नकोत. कोंबड्याच नसल्या तर शकुन कोण देणार, आणि शकुनावाचून शिक्षा कशी होणार? सापळ्यातला तो कोल्हा अजून मारला नसेल तर पोत्यात घालून तेवढा पाठवा. आणि मामा, हात जोडतो, त्यालाही काही खायला घालू नका.